भांडं रितं धाडू नये

मी डबा बोलतोय. कडीचा, स्टीलचा, घट्ट झाकणाचा डबा. माझ्यासारखा एखादा तुमच्याही फळीवर असणार, आणि तो तुमचा नसणार.

आधीच सांगून ठेवतो, मला माणसांबद्दल फारसा आदर नाही. जन्मभर त्यांच्या स्वयंपाकघरात राहिल्यावर कुणाला राहील? देवघरातली समई त्यांना हात जोडलेले बघते, तिचा गैरसमज होऊ शकतो. आम्ही भांडी त्यांना जवळून बघतो.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आता आठवत नाही. आठवतं ते बारामतीचं भांड्यांचं दुकान. तिथं येणारं प्रत्येक गिऱ्हाईक मला उचलायचं, नखानं टिचकी मारायचं आणि गाण्यातलं कळत असल्यासारखी मान डोलवायचं. त्या आवाजावरून काय ओळखायचं हे एकालाही ठाऊक नव्हतं. पण बापानं टिचकी मारली होती, म्हणून पोरानंही मारायची.

फरिदानं मला घेतलं. तिनंही टिचकी मारली. मग दुकानदारानं ते किर्रर्र करणारं यंत्र सुरू केलं आणि माझ्या पोटावर कोरलं, ‘सौ. फरिदा इब्राहिम बागवान, माळेगाव’. लोक भांड्यावर नाव घालतात ते काही प्रेमानं नव्हे. शेजारीण परत देईल याची खात्री नसते, म्हणून घालतात. आणि मग त्याच शेजारणीकडे तेच भांडं हौसेनं भरून पाठवतात.

फरिदाचा नवरा इब्राहिम फळांचा व्यापारी. पेरू-डाळिंबाच्या बागा घ्यायच्या आणि माल बाजारात न्यायचा, हा त्याचा धंदा. माळेगावात त्याच्या घराला लागूनच सावळारामचं घर, मागं पेरूची बाग, पलीकडे थोडा ऊस. सावळारामचे पेरू इब्राहिमच उचलायचा. दोन घरांच्या मध्ये तारेचं कुंपण होतं आणि कुंपणात माणूस वाकून जाईल एवढं खिंडार. माझी सगळी उमेदीची वर्षं त्या खिंडारातून ये-जा करण्यात गेली.

ईदला शीरखुर्मा घेऊन मी तिकडं जायचो, दिवाळीला करंज्या घेऊन इकडं यायचो. दरवेळी तेच नाटक. फरिदा मला पुढं करायची आणि सावळारामची बायको प्रयागबाई दोन पावलं मागं सरायची. “कशाला गं एवढं! नगं, नगं, आदीच घरात कितीतरी पडलंय.” खोटं, साफ खोटं. सकाळपासून खिडकीतून चारदा डोकावून झालेलं असायचं. तीनदा नको म्हटलं की चौथ्यांदा घ्यायचं, हे दोघींनाही पाठ होतं. आणि फरिदाची पाठ वळली की झाकण उघडून बोट आत. शीरखुर्म्यातले काजू ती पातेल्यात ओतण्याआधीच उभ्यानं वेचून खायची.

प्रयागबाईची सासू भागूबाई तेव्हा होती. तिचा एकच नियम. “घरात काय नसलं तर चिमूटभर साखर घाल, पर भांडं रितं धाडू नगंस.” त्या घरात मी ऐकलेलं शहाणपणाचं बोलणं एवढंच. तिच्या सुनेला अर्धंच कळलं. रितं धाडायचं नाही एवढं लक्षात राहिलं, चिमूटभर साखर विसरली.

आता मुख्य गोष्ट सांगतो, म्हणजे मी असा का बोलतो ते कळेल.

त्या वर्षी मी ईदचा शीरखुर्मा घेऊन प्रयागबाईकडे गेलो आणि तिच्या लेकीचं, सोनलचं, लग्न ठरलं. मला घासूनपुसून तिनं फळीवर ठेवलं. म्हणाली, “आता लग्नातलं लाडू भरूनच डबा देऊ.” चांगलं काहीतरी भरून द्यायचं, म्हणून आज द्यायचा नाही. या देशात निम्मी कामं अशीच अडून राहतात.

लग्नाची बोलावणी सुरू झाली. सावळारामनं महिनाभर मोटारसायकल झिजवली. अंथुर्ण्यात ज्याचं नाव आठवत नव्हतं अशा लांबच्या पाहुण्याला पत्रिका दिली. ज्याला सोनल ही मुलगी आहे की मुलगा हे ठाऊक नव्हतं, अशा पुढाऱ्याच्या घरी तिघं जण पेढे घेऊन गेले. एका कंडक्टरनं कधीकाळी एस.टी.त जागा धरून दिली होती, त्यालासुद्धा पत्रिका गेली. आणि कुंपणापलीकडे फरिदा होती, तिला गेली नाही. का? तर ती घरची. घरच्याला कसलं बोलावणं?

परक्याच्या दारात चपला झिजवायच्या आणि जवळच्याला गृहीत धरायचं, आणि वर याला माया म्हणायचं. डोकं फिरतं माझं.

हळदीच्या दिवशी मी फळीवरून सगळं पाहत होतो. प्रयागबाई कामाच्या निमित्तानं पुन्हा पुन्हा आत यायची आणि खिडकीतून खिंडाराकडे बघायची. “फरिदा आजून कशी आली न्हाय?” शेवटी नवऱ्याला म्हणाली, “जाऊन बोलवून तरी आणा.”

सावळाराम फेटे मोजत होता. “आता? पावणं दारात हायती. आन फरिदाला काय बोलवायचं? यील की ती.”

ती आली नाही. दुसऱ्या दिवशी बारामतीच्या कार्यालयात लग्न लागलं, तिथंही आली नाही. लग्नातले लाडू पाहुण्यांबरोबर गेले, उरलेले मुंग्यांनी खाल्ले. मी रिकामाच राहिलो.

त्यानंतर मोठी मजा झाली. प्रयागबाई दुखावली, “माझ्या लेकीच्या हळदीला आली न्हाय, एवढा कसला मान पायजे?” पलीकडे फरिदा दुखावली. कुणी कुणाला एक शब्द विचारला नाही. फरिदा जिला ‘आक्का’ म्हणायची तिला ‘सोनलची आई’ म्हणू लागली. प्रयागबाईच्या तोंडी फरिदाची ‘बागवानीन’ झाली. खिंडारात बाभळीच्या काट्या आल्या. कुणी टाकल्या हे दोघींपैकी एकीनंही कबूल केलं नाही.

पुरुषांचं विचाराल तर इब्राहिम आणि सावळाराम रोज बांधावर बसून चहा पीत होते. पेरूचा व्यवहार एका हंगामालाही थांबला नाही. घरात काय चाललंय ते दोघांनाही ठाऊक होतं. “बायकांचं बायका बघतील,” असं म्हणून मिशीचा चहा पुसायचे. पोराच्या शाळेपासून गावच्या राजकारणापर्यंत सगळ्यात नाक खुपसणारी ही माणसं, जिथं एका वाक्यानं काम झालं असतं तिथं नेमकी सभ्य झाली.

आणि माझी अवस्था बघा. मला रिकामा परत पाठवला तर तो अपमान. भरून पाठवला तर ती माघार. म्हणून मी फळीवर. पुढच्या ईदला तुपात तळलेल्या शेवयांचा वास कुंपणावरून आला आणि प्रयागबाई खिडकीशी उभी राहिली. पलीकडून फरिदा मुद्दाम मोठ्यानं बोलली, “द्यायचा कशात? डबाच न्हाय घरात.” दिवाळीला प्रयागबाईनं करंज्या तळल्या आणि कढईकडे बघत म्हणाली, “आदी तिनं बोलावं.”

मोबाईलवर मात्र दोघींचं चालू होतं. फरिदानं स्टेटसला गुलाबाचं फूल ठेवलं की प्रयागबाई पहिल्या मिनिटाला बघायची. प्रयागबाईनं नातवाचा फोटो ठेवला की फरिदानं पाहिला का, हे ती दिवसभर तपासायची. पाहिलेला असायचाच. एक शब्द लिहायचा नाही, पण बघितल्याशिवाय झोप नाही.

फळीवर रिकामा दिसतो म्हणून त्या घरानं माझ्यात वस्तू टाकायला सुरुवात केली. रबरबँड, सायकलचा वॉशर, संपलेले सेल, कुठल्या कुलपाची ते माहीत नसलेली किल्ली, मुदत संपलेल्या गोळ्या. “राहू दे, लागंल कवातरी.” काहीही लागलं नाही. हे लोक बिनकुलपाची किल्ली टाकत नाहीत, ठेवतात, जपतात. माणसं मात्र पटकन टाकतात.

आणि माझ्या अगदी खाली, पत्र्याच्या पिंपात, साखर होती. सावळाराम साखर कारखान्याचा सभासद, दरवर्षी दिवाळीच्या आधी सभासदांची साखर पोत्यानं घरी यायची. पोती आली, पिंप भरलं, सरलं, पुन्हा भरलं. चार वर्षं मी वरून बघत होतो. पोत्यानं साखर घरात, आणि त्यातली एक चिमूट माझ्यात पडेना.

मग एका संध्याकाळी जेवताना सावळाराम म्हणाला, “इब्राहिमभाई चालला. डाळजला. अफजलनं हायवेला फळांचं दुकान टाकलंय, तितंच दोन खोल्या बांधल्यात. हितलं घर इकलं.”

अफजल म्हणजे फरिदाचा मुलगा. प्रयागबाईचा घास हातातच राहिला. “कायमचं?”

“मंग? घर इकलं म्हंजे कायमचंच की.”

“जाईनात,” ती म्हणाली, “मला काय त्याचं?” आणि उठून माझ्याकडे बघत उभी राहिली. मला वाटलं, आता काढेल खाली. पण ती पुटपुटली, “कायतरी चांगलंचुंगलं करून डबा देऊ.” दुसऱ्या दिवशी दूध नासलं. तिसऱ्या दिवशी संकष्टी निघाली. पुढं दळण संपलं. जाणारीचा टेम्पो दारात लागला तरी हिचं चांगलंचुंगलं ठरत होतं.

शेवटी फरिदाच आली. काट्या बाजूला सारून, खिंडारातून वाकून, मागच्या दारात येऊन उभी राहिली.

“सोनलच्या आई, माझा डबा हाय तुमच्याकडं.”

डब्यासाठी आली म्हणे! बारामतीत माझ्यासारखे छप्पन्न मिळतात. पण सरळ बोलतील तर ती माणसं कसली?

“हाय,” प्रयागबाई म्हणाली. “थांब. रिता कसा देऊ?”

तिनं मला खाली ओढलं आणि उपडं केलं. वॉशर, किल्ल्या, गोळ्या जमिनीवर सांडल्या, ते तिनं पाहिलंही नाही. मला घासलं, पदरानं पुसलं. मग पिंपाचं झाकण काढलं आणि ओंजळीनं साखर भरू लागली. भरतच राहिली. माझं झाकण लागेना.

फरिदा बघत होती. “एवढी कशाला? चिमूट बास व्हती.”

“चिमूट तवाच द्याया पायजे व्हती.”

मग फरिदा म्हणाली, “हळदीला एक शब्द टाकायचा व्हता, आक्का. मी नवी साडी नेसून दाराशी बसले व्हते. दुपार कलली तरी बसले व्हते.”

“अगं, घरच्याला बोलावतंय व्हय कुणी?” प्रयागबाईचा आवाज फुटला. “पयली हळद तुझ्या हातची म्हणून वाटी बाजूला ठिवली व्हती मी. कुणाला हात लावू दिला न्हाय तिला.”

एक दाराशी बसलेली, दुसरी खिडकीशी उभी. मधे अंतर किती? एका हाकेचं. मला दोघींचा असा संताप आला की पोटातली साखर हादरली. आणि खरं सांगतो, रडूही आलं. मी माणसांना नावं ठेवतो, पण त्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या, तेव्हा त्यांच्या मधे चेपून बसायला मला आवडलं.

एरवी या बायका उंबऱ्यात उभ्या राहून तासतासभर निरोप घेतात. त्या दिवशी, जेव्हा खरोखर बोलायचं होतं, तेव्हा टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला.

“येत जा गं.”

“येते आक्का. डबा भरून आणीन.”

झालं. पुन्हा तेच. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

आता मी डाळजला आहे. समोर हायवे, रात्रंदिवस गाड्या. माझ्यातली साखर चहात संपली. फरिदानं मला घासलं, उन्हात वाळवलं आणि फळीवर ठेवलं. म्हणाली, “आता ईदला शीरखुर्मा घेऊन मीच जाईन.” ईद आली तेव्हा दुकानात गर्दी होती. मग म्हणाली, डाळिंबाचा हंगाम सरू दे. मग उन्हाचं नको. इब्राहिम पेरूच्या खरेदीला आठवड्याला पिकअप घेऊन माळेगावला जातो. गाडीत फरिदाही मावेल, मीही मावेन. पण रितं कसं जायचं?

गेल्या आठवड्यात इब्राहिम तिकडून आला आणि म्हणाला, “प्रयागबाई पडली बाथरूममधी. पाय पलास्टरात हाय. सारखं इचारती, फरिदा कवा येती?”

फरिदा रडली. डोळे पुसले आणि म्हणाली, “मंग तर कायतरी चांगलंच करून न्याया पायजे.”

आणि काल तिनं पार्सलचं एक रबरबँड सोडवलं, इकडंतिकडं पाहिलं, आणि माझ्यात टाकलं.

ते रबरबँड पोटात घेऊन मी बसलोय. मला भीती वाटते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी माणसांकडे काही मागतोय, तेव्हा ऐका. हायवेनं बारामतीकडे वळणार असाल तर डाळजला थांबा. फळांच्या दुकानामागं दोन खोल्या आहेत. फळीवरून मला काढा, आणि चुलीपाशी उभ्या असलेल्या त्या बाईलाही गाडीत बसवा. काही करायला थांबू देऊ नका. मला रिकामाच न्या, तिलाही रिकाम्या हातानं न्या. प्रयागबाईला चालेल. चार वर्षं मी तिच्या फळीवर होतो, मला माहीत आहे.