खिळे पुन्हा एकत्र येतात

२००६ साली ‘खिळे’ पुन्हा एकत्र आले. आमच्या वडिलांच्या सुतारकामाच्या शेडमध्ये हा बँड जन्माला आला, म्हणून हे नाव. वडील म्हणायचे, खिळ्यांनी निदान काहीतरी जोडलं जातं.

मधल्या तीस-पस्तीस वर्षांत इतकी माणसं आली नि गेली की नुसत्या गेलेल्यांचा एक वेगळा बँड निघाला असता, आणि बहुधा बरा वाजला असता. ड्रमर सात झाले. एक लग्न झालं म्हणून गेला, एक लग्न मोडलं म्हणून. एकाला तर आपल्याला काढलंय हे पोस्टरवर दुसऱ्याचा फोटो पाहून कळलं. आमच्या बँडात कुणी कुणाशी थेट बोलत नसे. निरोप जायचे, आणि तेही माझ्यामार्फत, कारण गाणारा माझा धाकटा भाऊ आणि बास गिटार वाजवणारे आमचे हे. दोघांचं कशावरून बिनसलं ते दोघांनाही आठवत नव्हतं, पण बिनसलंय हे पक्कं लक्षात होतं. एकाच टेबलाशी जेवताना धाकटा म्हणायचा, “ताई, भावोजींना म्हणावं मीठ इकडे द्या.” मीठ भावोजींच्या हातातच असायचं.

पुनर्मीलनाच्या दौऱ्याला मी गेले ती दोघांच्या गोळ्या सांभाळायला. रॉक म्हणतात ते हेच असावं.

धाकटा भेटेल त्या पत्रकाराला सांगत होता, “केस गेले, गुडघे गेले, पट्टी तीच आहे. तेव्हा जिथून गायचो तिथूनच आजही गातो.” मग ते पोस्टरवरच छापलं: सगळी गाणी मूळ पट्टीत. हसण्यासारखं होतं, पण मला हसू येत नव्हतं. त्याची बायको सोडून गेली होती, दुकान बुडालं होतं. आवाज तेवढा शाबूत आहे, या एका समजुतीवर तो रोज सकाळी उठून दाढी करत होता.

पहिल्याच तालमीत आवाज वर पोचला नाही. धाकट्याने दोष पंख्याला दिला. दुसऱ्या दिवशी आमच्या ह्यांनी आणि उंटाने गुपचूप तारा सैल केल्या. उंट म्हणजे आमचा मुख्य गिटारवाला, मानेवरून नाव पडलेलं. तारा उतरवल्या की सगळं गाणंच खाली सरकतं, पण गाणाऱ्याला बोटं मात्र नेहमीच्या जागी दिसतात. धाकटा खूश. “बघ ताई, पंखा बंद केला आणि आवाज मोकळा झाला.”

सातवा ड्रमर पेशाने दाताचा डॉक्टर. तो म्हणाला, “ड्रमला पट्टी नसते. मला यात ओढू नका.”

मी ह्यांना म्हटलं, “त्याला सांगा की.”

“तू सांग. भाऊ तुझा.”

“तारा तुम्ही उतरवल्यात.”

“म्हणून तर गप्प आहे.”

असं गावोगाव चाललं. गाव बदलेल तशी तार आणखी जराशी सैल.

मग मोठ्या सभागृहाच्या मालकाने अट घातली की ऑर्गनवाला मूळचाच हवा. म्हणजे मास्तर. ‘सूर लागला नाही’ असं भर कार्यक्रमात माईकवर म्हटल्याबद्दल धाकट्याने त्याला १९८३ साली काढलं होतं. नंतर तो शाळेत संगीत शिकवायचा, तिथे निदान असं बोलायचे पैसे मिळतात. धाकटा म्हणाला, “ताई, मास्तरला सांग, भेट थेट स्टेजवर. तालमीत त्याचं थोबाड बघायची माझी तयारी नाही.” मी फोन लावला. मास्तर म्हणाला, “गाणी मला झोपेत येतात. बाकी काही बदल?” मी फोन ह्यांच्या हातात दिला. हे म्हणाले, “उंट सांगेल तुला.” उंटाला वाटलं भावोजी बोललेत. दोन जबाबदार पुरुषांनी मनावर घेतलंय म्हटल्यावर मी बॅग भरायला गेले.

सभागृह भरलं होतं. सगळे आमच्याच वयाचे, जिना चढून दमलेले. सुरुवातच आमच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याने होती, आणि त्याचं पहिलं कडवं फक्त ऑर्गन आणि आवाजाचं. मास्तरने जुना ऑर्गन आणला होता. त्याने सुरुवात केली, धाकट्याने डोळे मिटून सूर धरला. पहिली ओळ निभावली. दुसरी वर चढते. मानेच्या शिरा फुगल्या, आणि आवाज गंजक्या बिजागरीसारखा करकरून तुटला. तेवढ्यात ठरल्या जागी गिटार आल्या. एकाच स्टेजवर दोन बँड वाजू लागले आणि दोघांची एकमेकांशी ओळख नव्हती.

धाकट्याने हात वर केला. सगळं थांबलं.

“मास्तर, चुकतोयस.”

“मी? पोस्टर वाचून आलोय बाबा.”

लोक हसले. धाकटा वळला. “भावोजी, जाडी तार वाजवा.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो ह्यांच्याशी सरळ बोलला. ह्यांनी तार छेडली. मास्तरने तोच सूर ऑर्गनवर दाबून धरला. दोन सूर शेजारी शेजारी उभे राहिले, आणि धाकटा कसाही असला तरी बहिरा नव्हता.

“कधीपासून?”

“दुसऱ्या तालमीपासून.”

“किती खाली?”

“दोन सूर. थंडी असली की थोडं जास्त.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“तुझ्याशी बोलतं कोण?” हे म्हणाले.

माईक चालूच होता. हा कार्यक्रमाचाच भाग समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मास्तर हळूच म्हणाला, “मी खाली येतो. बोटं सरकवली की झालं. तू गा.”

“नको. तारा चढवा.”

“अरे, झेपणार नाही,” उंट म्हणाला.

“माहीत आहे. आत्ताच कळलं ना.”

त्यांनी तारा चढवल्या. धाकटा पुन्हा पहिल्यापासून गायला. वर चढणारी ओळ आली तसा त्याने माईक खाली घेतला आणि ओठ मिटून उभा राहिला. ती ओळ मास्तरने एकट्याने वाजवली. पुढच्या प्रत्येक गाण्यात तेच. जिथे आवाज पोचत नाही तिथे तो थांबायचा आणि मास्तर पुढे व्हायचा. एका समीक्षकाने दुसऱ्या दिवशी लिहिलं की गायकाने मौनाचा धाडसी प्रयोग केला.

कार्यक्रमानंतर मागच्या खोलीत धाकटा तोंड पुसत म्हणाला, “पुढची गावं रद्द. आणि हे ताईमार्फत नाही, मीच सांगतोय.”

उंटाने पुढच्याच वर्षी आमच्यापैकी कुणालाही न घेता ‘खिळे’ नावाचा नवा बँड काढला. तो अजून निरोपाचे दौरे करतो, दरवर्षी शेवटचा. दाताच्या डॉक्टरने दवाखाना मुलीकडे सोपवला. तिला ताल नाही, पण हात हलका आहे. मास्तर चार-पाच वर्षांनी गेला. शेवटच्या दिवसांत धाकटा इस्पितळात त्याच्या उशाशी बसायचा, आणि दोघं कोण बेसूर यावर भांडायचे. आमचे हे गेले त्याला आता सात वर्षं झाली. तोवर दर संध्याकाळी धाकट्याचा फोन यायचा, मी उचलला की म्हणायचा, “तू नको, भावोजींना दे.” धाकटा त्या कार्यक्रमानंतर कुठे गायला नाही. माझ्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतो, स्वतःपुरता स्वयंपाक करतो आणि जळलं की वर जेवायला येतो. काल आला होता. भाजी बरी झालीय म्हणाला, कुणासाठी निरोप नाही, मलाच, समोरासमोर.