खापरच्या काट्याला फुटलेली वाचा

खापरच्या बाजारात धर्मचंद शेठ मसाल्याचं पोतं उघडतात तेव्हा सीमेपलीकडे पार सुरतेपर्यंत लोक शिंकतात, असं सांगतात. ते साफ खोटं आहे. शिंका सीमेपलीकडच्या पहिल्या गावापर्यंत, सागबाऱ्यापर्यंतच ऐकू येतात. पण त्या मसाल्याचं माप शेठजींनी चाळीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, हे खरं. समोरचा किराणावाला लोटन त्या मापासाठी रोज चहा पाजायचा. शेठजी चहा पिऊन गप्प बसायचे.

अशा माणसाच्या घरात एकता जन्मली. नात कॉम्प्युटर शिकून आली आणि दुकानात बसू लागली. दुकानातला वजनकाटा एका कंपनीचा, कॉम्प्युटर दुसऱ्या कंपनीचा, दोघांची बोलचाल बंद. एकताने महिनाभर खपून एक प्रोग्राम लिहिला, आणि कुठलाही काटा कुठल्याही कॉम्प्युटरशी बोलू लागला. शेठजींची छाती इतकी फुगली की सदऱ्याचं एक बटण आजवर सापडलेलं नाही.

मग कळलं की पोरीने तो प्रोग्राम ओळीन् ओळ उघडा करून इंटरनेटवर मांडलाय. कुणीही घ्या, वापरा, बदला. याला ओपन सोर्स म्हणतात म्हणे. शेठजी त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणजे, चारच पोळ्या खाल्ल्या.

दोन वर्षांनी पुण्याच्या एका कंपनीने एकताला मुलाखतीला बोलावलं. अशी उघडी कामं करणारी माणसं कंपन्या हल्ली शोधत फिरतात. काम घरी बसूनच करायचं होतं. ते मिळालं नाही तर एकता सुरतेला मामाकडे जाणार, हे ठरलेलं. नात गेली की घर ओस पडेल, या विचाराने शेठजींचा जीव खालीवर होत होता. म्हणून त्यांनी व्यापाऱ्याचं डोकं चालवलं.

"बेटा, गिऱ्हाईकले नमुना दखाडाना, पोतं नही. तो मांडेल माल आवर. बठ्ठं फुकट भेटनं ते तुले कसाले ठेवतीन?"

"दादाजी, ओपन सोर्समध्ये सगळं फुकट दिलं तरी तसं होत नसतं."

"मंग मन्हा मसाला चाळीस वरीस कसा चालना?"

तीन दिवस हेच चाललं. शेवटी म्हाताऱ्याला झोप लागावी म्हणून एकताने रविवारी प्रोग्रामचं ते इंटरनेटवरचं पान बंद केलं. मुलाखत झाली की उघडू, असा तिचा बेत.

सोमवारी सकाळी तिच्या फोनवर पत्रांचा ढीग. नॉर्वेचा मासळीवाला, ब्राझीलचा कॉफीवाला, एक जपानी बाई जी सुकवलेले मासे विकते. सगळ्यांचं एकच विचारणं, पान कुठे गेलं? एकाने तर इतकं रडून लिहिलं होतं की एकताला स्क्रीन पुसावी लागली.

"ह्या लोके तुन्हा वळखीना शेत का?" शेठजींनी विचारलं.

"एकबी नही."

अकरा वाजता दुकानातल्या कॉम्प्युटरवर मुलाखत सुरू झाली. शेठजी कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे धण्याच्या पोत्यावर बसले. पुण्याच्या शीला मॅडमनी पहिलाच प्रश्न टाकला, "तुमचं पान काल बंद का झालं? गोदामात नवे काटे बसवताना आमचं काम अडलं."

नोकरी हातची गेलीच, असं शेठजींना वाटलं. नातीला सुरतेच्या गाडीत आपणच बसवलं. ते उठले आणि कॅमेऱ्यासमोर जाऊन, तहसील कचेरीत बोलतात तसं शुद्ध बोलले, "मॅडम, मी धर्मचंद, हिचा आजोबा. चूक माझी आहे. मीच बंद करायला सांगितलं."

"सांगितलं दादाजींनी," एकता म्हणाली, "पण बंद मी केलं. वापरणाऱ्यांना आधी कळवायला हवं होतं."

शीला मॅडम हसल्या. "आजोबा, तासाभरात आमचं काम पुन्हा सुरू झालं. नॉर्वेच्या एका मासळीवाल्याने आपल्याकडची प्रत मांडली. तशी मुभा हिनेच सगळ्यांना दिलीय. हे बघा."

पडद्यावर प्रोग्राम उघडला. सगळ्यात वर लिहिलेलं होतं, एकता, खापर, जिल्हा नंदुरबार.

"नाव खोडलं नाही?" शेठजींचा शुद्धपणा तिथेच गळाला. "फुकट भेटनं तरीबी?"

"नाही खोडलं. प्रमाणपत्रं सगळेच दाखवतात, आजोबा. हिचं काम आम्ही दोन वर्षं रोज वापरतोय. लोकांच्या तक्रारींना ही कशी उत्तरं देते, तेही वाचलंय. चूक झाली तर ही काय करते एवढंच बघायचं राहिलं होतं." मग त्या एकताकडे वळल्या. "एक तारखेपासून जमेल? पान मात्र आजच उघडा."

दुपारी लोटन चहा घेऊन आला. शेठजींनी एका घोटात संपवला आणि म्हणाले, "लिखी ले मसालानं माप."

लोटनने किटली खाली ठेवली आणि पेन्सिल घेतली. शेठजी डोळे मिटून सांगत गेले. मिरची, धणे, दगडफूल. बडीशेपेपाशी आले तशा त्यांच्या पत्नी लहरीबाई आतून म्हणाल्या, "बडीशेप कमी सांगी तुम्हीन."

शेठजींनी डोळे उघडले. "तुले काय म्हाईत?"

"चाळीस वरीस कोन कुटी ऱ्हायनं? लोटनना घरमा बी हाऊच मसाला शे. फुलवंताले मीच सांगेल शे, वीस वरीस झाया."

फुलवंता म्हणजे लोटनची बायको. शेठजींनी लोटनकडे पाहिलं. "मंग रोज चहा कसाले पाजा, रे?"

"तुम्हीन नही सांगेत ना, शेठ," लोटन म्हणाला, "ते देखाले मजा ये."

शेठजींनी रिकामा कप पुढे केला. मसाल्याचं गिऱ्हाईक त्या वीस वर्षांत एकही कमी झालं नव्हतं, हे त्यांच्या तेव्हाच ध्यानात आलं. आत एकता पान उघडत होती, आणि सागबाऱ्याच्या बाजूने एक शिंक ऐकू आली.