गालावरचं गोंदण

सुलाआत्याच्या गालावरच्या हिरव्या गोंदणाची मला लाज वाटायची. मी औरंगाबादला डॉक्टरकी शिकते. आत्या चुडाव्याहून रेल्वेनं भेटायला आली, की मी तिला होस्टेलच्या फाटकावरच गाठायचे, मैत्रिणींना ती दिसू नये म्हणून. आई गेल्यापासून मला वाढवलं ते हिनंच. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

जन्मभर मिसरी लावून त्याच गालाच्या आत तिला जखम झाली. ती काही बरी होईना, म्हणून तुकडा काढून तपासला. सरांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. निरोगी पेशी शहाण्या पोरींसारख्या रांगेत बसतात, जागा भरली की थांबतात. या थांबतच नव्हत्या, एकमेकींना रेटत खाली घुसल्या होत्या. कॅन्सर. डोळे भरून आले होते, म्हणून मी मान वर केली नाही.

पण जखम लहान होती आणि दवाखान्यात किरणांचा शेक देणारं कोबाल्टचं यंत्र होतं. तीस शेक ठरले. शेकानं पेशींची वाढायची ताकदच मोडते. चांगल्या पेशी दुसऱ्या दिवसापर्यंत बऱ्याचशा सावरतात, वाईट पेशींना ते नीट जमत नाही. मात्र मध्ये खंड पडला की त्या पुन्हा डोकं वर काढतात. शेक नेमक्या जागी पडावा म्हणून डॉक्टरांनी गालावर जांभळ्या शाईनं चौकट आखली. "पाणी लावू नको," मी आत्याला दहादा बजावलं.

अठरा शेक झाले. गेल्या वर्षी, एक्क्याण्णवला, चौदा एप्रिल रविवारी आली. जयंतीला आत्या गावी गेली आणि सोमवारी परतली ती लख्ख गाल घेऊन.

"बाबासायबाच्या मिरवणुकीत असं रंगलेलं तोंड घिऊन कसं जावं? डाळीचं पीठ लावून घासलं. लय येळ लागला बग निघायला," ती कौतुकानं म्हणाली.

"अडाणी ती अडाणीच राहिलीस!" मी सगळ्यांदेखत ओरडले. तिनं गालावर पदर ओढला.

नवी चौकट आखायची तर नंबर पुढच्या सोमवारचा. आठ दिवसांचा खंड! मग वही आठवली. वर्गात केस मांडण्यासाठी मी आत्याच्या चेहऱ्याचं चित्र काढलं होतं, आणि चौकटीचा प्रत्येक कोपरा गोंदणापासून मोजून लिहिला होता. धावत जाऊन वही आणली. डॉक्टरांनी मोजपट्टी लावून चौकट पुन्हा आखली, सुरुवातीला काढलेल्या एक्स-रे फिल्मशी ताळा केला.

"जुळतंय," ते म्हणाले. एकोणिसावा शेक त्याच दुपारी झाला.

"मोठ्या दवाखान्यांत आता कातडीवर बारीक ठिपके गोंदतात, पुसू नयेत म्हणून," ते हसून म्हणाले. "तुमचं आधीच झालंय, आत्याबाई."

"माज्या मायनं गोंदवलं व्हतं. म्या लय रडले व्हते."

"चुकलं गं माझं," मी म्हणाले. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

वर्ष झालं. गाल आतून गुलाबी, स्वच्छ आहे. मिसरी सुटली. त्या यंत्राचे, डॉक्टरांचे आणि मी कधी न पाहिलेल्या त्या आजीचे उपकार मी विसरणार नाही. परवा आत्या आली, तेव्हा तिचा हात धरून तिला सरळ खोलीत आणलं. गोंदणाकडे बघत एका मैत्रिणीनं विचारलं, "हे काय आहे?"

आत्यानं माझ्याकडे बोट केलं. "हिला इचार. हिच्या वहीत हाय."