काठीवाली

गेल्या हिवाळ्यातल्या एका मंगळवारी, सकाळच्या पहिल्या पाळीत, शहराबाहेरील स्टुडिओच्या मोठ्या दालनात एका माहितीपटाचे चित्रीकरण सुरू झाले. तिथे बनणारा मोठा चित्रपट कसा घडतो, हे या माहितीपटात दाखवायचे होते आणि सारे त्याला ‘मेकिंग’ म्हणत. पडद्यामागे बायकाही असतात हे दिसलेच पाहिजे, असे निर्मात्याने बजावले होते. बायका होत्या, पण वेशभूषेत आणि रंगभूषेत. यंत्रांपाशी एकच होती. कलाकारांच्या डोक्यावर माईकची लांब काठी धरणे हे तिचे काम, म्हणून युनिटमध्ये तिला काठीवाली म्हणत.

काठीवालीला मनापासून दिसायचे होते. पोरगी सिनेमात नेमके करते तरी काय, असे तिची आत्या कित्येक वर्षे चारचौघांत विचारत आली होती. सुरुवातीच्या काळात काठीवालीने कपडे वाळत घालायची काठी कोपरे न वाकवता तासन्तास डोक्यावर धरून सराव केला होता. त्यात घरातल्या पंख्याचे पाते मोडले म्हणून आईने तिला बोलही लावले होते. पण मोडक्या पात्याने आत्याचे समाधान कुठून व्हायचे?

अडचण अशी, की फ्रेममध्ये न येणे हाच तिच्या कामाचा पहिला नियम. कॅमेरा वळला, की तिचे अंग आपोआप मागे सरे. मेकिंगचा दिग्दर्शक डावीकडून आला, तर ती उजवीकडे गेली. त्याने तिला खांबापाशी उभे केले, तर ती खांबाआड झाली. दुपारपर्यंत त्याच्या हाती एक खांदा आणि काठीची सावली लागली.

“ताई, मी काय पोलीस आहे?” तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

“मुद्दाम नाही करत हो. पायच ऐकत नाहीत.”

“मग उद्या पाय घरी ठेवून या.”

ती स्वतःवरच वैतागली. जेवणाच्या सुट्टीत काठी घेऊन आरशासमोर उभी राहिली, तर आरशातूनही बाजूला झाली.

शेवटी त्याने रंगभूषेतल्या एका हसतमुख मुलीच्या कानांवर हेडफोन चढवले आणि तिच्या हाती काठी दिली. निर्मात्याला बाईच हवी होती ना, असे म्हणून त्याने हात झटकले. खाली नाव तुमचेच येईल, अशी काठीवालीची समजूतही घातली.

“नाव माझं आणि तोंड तिचं?”

“तोंड तुम्ही देत नाही, मी करू काय?”

मेकिंग टीव्हीवर आले, तेव्हा आत्या मुद्दाम लवकर येऊन बसली होती. झाला प्रकार आधीच सांगून टाकावा, असे काठीवालीने ठरवले होते. पण आत्यापुढे तोंड उघडायला सवड मिळेल तर ना. पडद्यावर ती मुलगी हसत उभी राहिली आणि खाली काठीवालीचे नाव झळकले.

“बघ,” आत्या म्हणाली, “मी म्हणत होते तेच. काम दुसरीच करते.”

काठीवालीने मान खाली घातली. आई मात्र चष्मा पुसून टीव्हीजवळ गेली आणि त्या मुलीकडे बराच वेळ निरखून पाहत राहिली.

“कोपरं वाकलीत,” ती म्हणाली. “हिला काठी धरता येत नाही.”