रोगट पान दाखवा, राव!

मी कॅमेरा बोलतोय. मंचरच्या कुंडलिकच्या स्टुडिओत माझी उमेदीची वर्षं गेली. लग्नातल्या माणसांचे केस सारखे होईपर्यंत ताटकळायचं, हाच माझा धंदा. त्यामुळे एम.टेक.च्या संशोधनासाठी वृषालीनं मला विकत घेतलं, तेव्हा मी सुटलो म्हटलं. आता पानांचे फोटो काढायचे होते. पानं काही केस विंचरत नाहीत!

किती भोळा होतो मी.

टोमॅटोच्या पानाचा फोटो पाहून कॉम्प्युटरनं रोग ओळखावा, असा वृषालीचा विषय. त्यासाठी आधी त्याला शेकडो रोगट पानं दाखवून शिकवावं लागतं. तिनं गावाकडं टोमॅटो लावणाऱ्या भगवंतमामांना फोन केला, "रविवारी येते. टोमॅटोचे फोटो विद्यापीठात दाखवायचेत."

झालं! आम्ही पोचलो, तर मामांनी मजूर लावून डागाळलेलं पान न् पान खुडून टाकलेलं. ठकूमामी नवं लुगडं नेसून बांधावर उभ्या.

"काढ आता! नवरीवानी नटवलाय प्लॉट."

"अवो मामा, मला रोगच पायजे व्हता!"

"मंग शेजारच्या चिमाजीकडं जा. त्याच्यात लई करपा हाय."

चिमाजी म्हणाला, "आमच्यात? न्हाई बा! भगवंताच्यात बघा."

गावात करपा होता, पण कायम शेजाऱ्याच्या बांधापलीकडे. माझ्या पोटात नुसती हिरवीगार पानं, आणि हाताची घडी घातलेले मामा.

पुण्यात तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, "तुमच्या तालुक्यात रोगच पडत नाही का? पुढच्या आठवड्यात फोटो आणा, नाहीतर विषय बदला." विषय बदलायचा म्हणजे वर्ष पाण्यात. वृषालीनं मला पिशवीत कोंबलं आणि एसटी धरली. या खेपेला फोन केला नाही.

आम्हाला पाहताच मामांचा हात सवयीनं एका डागी पानाकडे गेला.

"मामा, खुडू नका! दवाखान्यात जाताना खोकला घरी ठेवून जाता का?"

मामा थबकले. मग हळूच म्हणाले, "पोरी, फोटो फिरला आन् व्यापाऱ्याला कळलं, तर भाव पाडून माल मागंल त्यो."

इतकी वर्षं माणसांच्या नटण्यावर चिडलो. त्यामागची भीती मला तेव्हा कळली.

"तुमचं नाव न्हाई, गाव न्हाई. नुसतं पान घेते," वृषाली म्हणाली.

ठकूमामी फणकारल्या, "माझ्या गुडघ्याचा फोटो काढला डाक्टरनं, त्यो काय बाजारात फिरला? दाखवा पोरीला!"

मामांनी विहिरीमागची सरी गाठली आणि आपल्या हातानं झाड उघडून धरलं. तपकिरी, गोल गोल डाग. उभ्या आयुष्यात मला कुणी इतकं खरं काही दाखवलं नव्हतं. मग मामाच बांधावरून ओरडले, "चिमाजी, माझा करपा दावला. आता तुझा काढ भाईर!"

वृषालीचा प्रबंध पुरा झाला. माझं बटण आता अडकतं. प्रयोगशाळेच्या कपाटात पडून असतो. मामा मात्र रोज तिला मोबाइलवरून रोगट पानाचे फोटो पाठवतात.

धुऊन, पुसून.

मामा, हात जोडतो. निदान पान तरी पुसू नका हो!