‘उठा’ म्हणेपर्यंत

निरवांगीच्या गेणबा आबांचे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा त्यांच्या नातीनं, राजनंदिनीनं, त्यांना ग्रामपंचायतीपुढच्या ओपन जिममध्ये बैठका मारायला उभं केलं. "आबा, श्वास घेत सावकाश खाली जायचं. तितंच श्वास धरून थांबायचं. ‘उठा’ ऐकल्याबिगर उठायचं न्हाय."

आबा खाली पोचले आणि तिचा फोन वाजला. रेंज शोधत ती पार रस्त्यापर्यंत गेली.

आबा शब्दाचे पक्के. गाल फुगवून तसेच अधांतरी बसून राहिले. पंचायतीत पाण्याच्या मीटिंगला आलेल्या कालव्याच्या साहेबांनी खिडकीतून ते पाहिलं आणि ते खुर्चीतून ताडकन उठले. "हे कसलं आंदोलन?"

सरपंच बाहेर धावले. "आबा, मागणी काय हाय?"

श्वास धरलेला माणूस बोलणार कसा? आबांनी नुसते डोळे वटारले.

"बोलायलाबी तयार न्हाईत," सरपंच म्हणाले.

माणसं जमली, मोबाइल निघाले, कुणीतरी लिंबू सरबत आणलं. आबांच्या मांड्या लटलटत होत्या, तोंड जांभळं पडलं होतं. साहेबांनी हात जोडले. "उद्या सकाळी तुमच्या चारीला पाणी सोडतो. आता उठा."

‘उठा’ कुणी म्हणायचं ते नातीनं सांगितलं नव्हतं. आबा भस्सकन श्वास सोडून उठले. गावानं टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात राजनंदिनी परतली. "मी कुठं उठा म्हटलं? पुन्हा पहिल्यापासून."

आबा निमूटपणे श्वास घेत खाली निघाले.

साहेबांचा एक पाय गाडीत होता. "आता काय राहिलं?"

सरपंचांनी आबांचा चेहरा नीट न्याहाळला.

"रस्ता असंल," ते म्हणाले.