मास्तरांचा अणुबॉम्ब

मोहियुद्दीन मास्तरांच्या जिभेला हाड नव्हतं. दापोलीकडे हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. आता रियाधला, अल मलाझमध्ये, आमच्या खालच्या मजल्यावर राहून एक गोदाम सांभाळायचे. आखाती युद्धात इराकची क्षेपणास्त्रं पडायला लागली आणि बत्ह्याच्या बाजारात कुणीतरी पुडी सोडली, त्यांच्याकडे अणुबॉम्बही आहे. झालं! मास्तरांना वर्ग मिळाला. माझे मिस्टर रहमतुल्ला त्यातले सगळ्यात मन लावून ऐकणारे विद्यार्थी.

रोज चहाबरोबर बॉम्ब. अमेरिकेने तो कसा गुपचूप बनवला, राबणाऱ्या हजारो कामगारांना आपण काय बनवतोय हेच ठाऊक नव्हतं. पहिला बॉम्ब वाळवंटात लोखंडी मनोऱ्यावर चढवून उडवला, तर खालच्या वाळूची हिरवी काच झाली. "आणि लोकांना काय सांगितलं? दारूगोळ्याचं कोठार उडालं, घाबरू नका! तिकडे गुरांच्या पाठीवर राख पडत होती," मास्तर सांगायचे.

यांनी तेवढंच धरून ठेवलं. आतल्या खोलीची खिडकी, एसीचं भोक, एकूण एक फट चिकटपट्टीने बुजवली. मी चिडवलं, "मुंगीला तरी वाट ठेवा." हे हसले नाहीत.

त्या जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, मगरिबच्या नमाजनंतर मी ऊददानीतल्या निखाऱ्यांवर लोबान घातला. गावी दर जुमेरातीला घरभर धूर फिरवतात, इथेही मी कधी चुकवला नव्हता. थंडी होती म्हणून कोळसा जरा जास्तच घेतला. तेवढ्यात भोंगा झाला. यांनी आमच्या लेकीला, सादियाला उचललं, मला ओढलं, आणि हातातल्या ऊददानीसकट मी त्या खोलीत कोंडले गेले. दाराला आतून पट्टी लागली.

दूर धमाके झाले. मग डोकं जड झालं, डोळे मिटायला लागले. सादिया मांडीवर झोपली असं मला वाटलं. धोका टळल्याचा भोंगा वाजला, रेडिओनेही तेच सांगितलं.

"उघडा आता."

"नाही. तिकडेही असंच सांगितलं होतं."

"अहो, पोर उठत नाहीय!"

"बाहेर राख असेल, शरफू!"

मी सादियाला हलवलं. तिची मान लुळी पडली. माझी नजर निखाऱ्यांवर गेली. बंद खोलीत शेगडी ठेवू नये, हे आईने कितीदा सांगितलं होतं! हे दाराला पाठ लावून उभे. मी ऊददानी उचलली, हात भाजला, तशीच खिडकीवर फेकली. काच फुटली, निखारे बाहेर उडाले.

यांनी धावत जाऊन दोन्ही तळव्यांनी फुटलेल्या काचेचं भोक झाकलं. मनगटावरून रक्त ओघळलं.

"मारशील तिला!"

"मरतेच आहे ती! राखेने नाही, आपल्या धुराने!"

यांनी वळून सादियाचं तोंड पाहिलं. मग हात काढले.

मी तिला त्या थंड वाऱ्यात धरलं, पाठ चोळली, अल्लाला हाका मारल्या. काहीच होईना. मग एकदम ती माझ्या बाहीवर ओकली आणि रडायला लागली.

"अम्मी," ती पुटपुटली, "बम गिरा क्या?"

हे रक्ताळलेल्या नखांनी खिडकीची पट्टी ओरबाडून काढत राहिले.